रजेवर गेलेला शिपाई

बायकांना दागिन्यांची हौस असते, लुगड्यांची असते. मला शिपायांची होती. हसू नका. शिशाचे, बोटाएवढे, लाल डगला घालून खांद्यावर बंदूक टाकलेले सोजीर. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत या हौसेपायी माझी जेवढी थट्टा झाली तेवढी दुसऱ्या कुणाची झाली नसेल, आणि थट्टा करणाऱ्यांशी मी भांडलेही तेवढीच. ती भांडणं आता कुणाच्या लक्षातही नाहीत. एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. तिच्यात भांडायला समोर कुणी नाही, कारण दोष सगळा माझा आहे. तीच सांगायला बसले आहे.

हे इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. शेडमधला एक गोरा ड्रायव्हर नोकरी संपवून विलायतेला परत निघाला, तेव्हा त्यानं घरातली अडगळ वाटून टाकली. ह्यांच्या वाट्याला एक पत्र्याची पेटी आली. आत त्याच्या पोरांनी खेळून खेळून मोडलेले शिपाई होते. कुणाला मुंडकं नाही, कुणाला हात नाही. हे म्हणाले, "शिसं चांगलं आहे. वितळवून ठेवतो, डाग द्यायला होईल." मी वरचा एक उचलला आणि त्याच्या मिशा बघून मला हसूच फुटलं. एवढंसं तोंड आणि केवढा रुबाब! म्हटलं, "वितळवाल तर खबरदार. आधी मला घाला तुमच्या भट्टीत."

मग मी त्या सगळ्यांना दुरुस्त करायला घेतलं. काडेपेटीतल्या काडीचा तुकडा मानेत खुपसायचा आणि त्यावर मुंडकं बसवायचं. तलवार मोडली असेल तर टाचणी. रंग शेडमधला, गाडीच्या डब्यांना लावायचा, आणि कुंचला माझ्याच वेणीच्या केसांचा. ह्यांनी मोडीत निघालेल्या डब्याच्या खिडक्यांच्या काचा आणि सागवानी पट्ट्या आणून एक कपाट केलं. ते पुढच्या खोलीत, दारातून आत शिरताच दिसेल असं ठेवलं. साहेब लोक बंगले रिकामे करत तेव्हा, किंवा पुण्याला गेलं की जुन्या बाजारात, मी शिपाई हुडकत फिरे. चार-पाच वर्षांत साठ-सत्तर जमले. आमच्या घरी तेव्हा पाळणा हलला नव्हता. "पोर नाही म्हणून मेली खेळणी मांडते," असं शेजारच्या बाई म्हणाल्याचं कानावर आलं, तेव्हा मी त्यांच्या दारात जाऊन सांगून आले की तुमची सहा आहेत त्यातली तीन मांडा कपाटात, म्हणजे चाळीला जरा झोप लागेल. त्या वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

चैत्रात गौर बसली की शिपाई कपाटातून बाहेर यायचे. पाच पायऱ्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरलेलं, सगळ्यात वर पितळी पाळण्यात गौर. इतर बायका बाहुल्या, आरसे, करंज्या-लाडू मांडत, तिथं माझी पलटण असे. वर बँडवाले, मग घोडेस्वार, मग पायदळ, आणि अगदी खाली परातीत उगवलेल्या अळिवाचं हिरवं मैदान. हळदीकुंकवाला आलेल्या बायका नाकं मुरडत, पण डाळ-पन्हं घेऊन झाल्यावरही हलत नसत. स्टेशनमास्तरांच्या बाईंकडे जातात त्याहून चार बायका माझ्याकडे जास्त याव्यात, एवढंच मी गौरीजवळ मागत असे. मागायचं ते सोडून हे मागत होते.

आमची दूधवाली, जिला मी मावशी म्हणे, ती जवळच्या औंढे गावाहून दूध घालायला यायची. घरची एक म्हैस, भाताचं तुकडाभर खाचर, नवरा कधीच गेलेला आणि पदरी एकुलता एक मुलगा. पहिली मोठी लढाई सुरू झाली, तो मुलगा भरतीत गेला आणि लामावर, म्हणजे लढाईवर, तिकडे समुद्रापार बसऱ्याला रवाना झाला. तिच्या शेजारपाजारी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून जाताना आमचा पत्ता घेऊन गेला. त्याची पत्रं आमच्या घरी येत आणि मी ती तिला वाचून दाखवी. ती विधवा म्हणून हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. मागच्या दारी वाटीभर डाळ दिली की माझं काम झालं. त्यात तेव्हा मला काही वावगं वाटत नव्हतं, तेही कबूल करते.

पत्रं कुणा कारकुनाकडून लिहवून घेतलेली. "मी खुशाल आहे, तुझी खुशाली कळव," याच्या पुढे मजकूर जात नसे. मावशी उंबऱ्यापाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. "एवडंच?" म्हणायची. मग मला राहवत नसे. मी पदरचं एखादं वाक्य घाली. "तुझ्या हातच्या दशमीची आठवण येते." "म्हशीला सांग मी विचारलंय." मावशी तोंडाला पदर लावून हसायची. ह्यांच्या हे लक्षात आलं तेव्हा म्हणाले, "दुसऱ्याच्या पत्रात आपलं काय घुसडतेस?" मी म्हटलं, "वरणाला फोडणी घातली तर कुणाचं काय बिघडतं?" माझ्या हुशारीचं मला कौतुकच वाटत होतं.

एकदा दूध मापून झाल्यावर तिची नजर कपाटावर गेली. साऱ्या गोऱ्या सोजिरांत एकच शिपाई काळासावळा होता. अंगात खाकी कपडे, डोक्याला पागोटं, एक पाय पुढे टाकलेला. गोऱ्या ड्रायव्हरच्या पेटीत तसला तो एकटाच होता. त्याच्या पलटणीतले बाकीचे कुठं गेले, देव जाणे. मावशी काचेला नाक लावून उभी राहिली.

"बाई, ह्यो आमचा."

"कोण आमचा?"

"माजा ल्योक. बघा की, असाच उबा ऱ्हातो त्यो, एक पाय म्होरं टाकून."

मी हसले. म्हटलं, "बरं, तुमचा तर तुमचा."

तेव्हापासून रोज दूध मापलं की मावशी कपाटापाशी जाई. "आज कुटं हाय?" मी शिपायांच्या जागा बदलत असे, म्हणून तिला शोधावा लागे. एकदा मी त्याला सगळ्यांच्या पुढे, घोडेस्वारांच्याही पुढे ठेवला, तर तिचा चेहरा उतरला. "बाई, मागं ठिवा की त्येला. म्होरं कशाला?" मी थट्टेत म्हटलं, "अहो, कुणीतरी पुढं उभं राहायला हवंच ना?" ती जागची हलेना. शेवटी मी त्याला मागच्या रांगेत बँडवाल्यांच्या आडोशाला नेऊन ठेवलं तेव्हा कुठं चरवी उचलून गेली. पुढे मी त्याला तिथंच ठेवू लागले.

दिवाळीनंतर पत्रं थांबली. "समुद्रावरून यायचं ते, उशीर व्हायचाच," असं मी सांगे. पौष गेला, माघ गेला, शिमगा झाला, पत्र नाही. मावशी कपाटापाशी जास्त वेळ थांबू लागली. पत्र नसलं तरी हा इथं उभा आहे ना, एवढाच तिला आधार होता. मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याच वर्षी चैत्राच्या तोंडावर खंडाळ्याच्या एका बंगल्यातून मला बोलावणं आलं. हे तिथला पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेले होते आणि बोलता बोलता माझ्या कपाटाची कहाणी सांगून बसले होते. बंगल्यातली म्हातारी पारशीण बाई एकटीच राहायची. तिच्या वारलेल्या नवऱ्याला शिपायांचा नाद होता. तिनं मला मखमलीची एक पेटी दाखवली. आत आठ खाचा, सात भरलेल्या. सातही शिपाई काळेसावळे, खाकी कपड्यातले, एक पाय पुढे टाकलेले. आठवी खाच रिकामी होती. "माज्या धन्यानं लई शोधला, भेटला नाय," ती म्हणाली. "तू तो एक दे. त्याच्या बदली तुला काय पायजे ते घे."

माझं लक्ष तिच्या पेटीकडे नव्हतंच. मागे टेबलावर तोफगाडा होता. सहा घोडे जुंपलेला, घोड्यांना खरे चामड्याचे लगाम, मागे फिरत्या चाकांची तोफ. असली वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती तोफ द्याल?" म्हातारीनं मान डोलावली.

मावशीची आठवण झाली. फाटकापर्यंत येईतो दोनदा झाली. पण हौसेपुढं अक्कल पाणी भरते. म्हटलं, शिसंच ते! एखाद्या सोजिराला रंग फासू, डोक्याला चिंधीचं पागोटं बांधू आणि त्याच्या जागी उभा करू. मावशीची नजर अधू, तिला काय कळतंय. दुसऱ्या दिवशी शिपाई नेऊन दिला आणि तोफ घेऊन आले.

रंग फासायला सवड झाली नाही. हळदीकुंकू शुक्रवारी होतं आणि त्या सकाळी मी पहाटेपासून पायऱ्यांपुढं बसले होते. तोफ कुठं ठेवायची हेच ठरेना. मधल्या पायरीवर घोडे मावेनात, खाली ठेवली तर गौरीपासून लांब पडे. डाळ वाटायची राहिलेली, कैऱ्या उकडून पडलेल्या, आणि मी हातात चाकं घेऊन बसलेली. तेवढ्यात मावशी आली. दूध मापलं. कपाट रिकामं बघून पायऱ्यांकडे वळली आणि खालपासून वरपर्यंत बोटानं शोधत गेली. मग पुन्हा वरपासून खालपर्यंत.

"बाई, माजा कुटं दिसंना."

मी मागे न बघताच म्हटलं, "तो होय? तो रजेवर गेला, मावशी! घरी येतोय तुमच्या."

थट्टाच होती. देवाशपथ थट्टाच होती. पण मागं काहीच आवाज येईना म्हणून वळून बघितलं, तर मावशी मटकन खाली बसली होती. हात जोडलेले होते.

"कागूद आला व्हय बाई?"

इथं मला "नाही" म्हणायचं होतं. एक शब्द. पण "नाही" म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग माजा शिपाई कुटं हाय? आणि मला सांगावं लागलं असतं की तुमच्या लेकाच्या बदल्यात मी ही तोफ आणली. गौरीसमोर, चाकं हातात धरून, ते माझ्या तोंडातून फुटेना. चार तासांत बायका येणार होत्या. आणि पत्रात पदरचं घालायची जिभेला सवय लागलेली होतीच.

मी म्हटलं, "हं."

मावशीनं उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि चरवी तिथंच विसरून पळत सुटली. मनात म्हटलं, उद्या सांगू समजावून. त्या दुपारी माझ्याकडे चाळीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. तोफ बघून स्टेशनमास्तरांच्या बाईंची दातखीळ बसली. मी पन्ह्याचे पेले भरत मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन मावशीची शेजारीण आली. म्हणाली, "तिला येळ कुटाय? घर सारवती हाय. पोरगा येनार म्हनं." तिसऱ्या दिवशीही तीच. चौथ्या दिवशी हे कामावरून येऊन म्हणाले, "तुझी दूधवाली फलाटावर असते गं. मुंबईची गाडी घाट चढून आली की घाटात मागून ढकलणारं इंजिन सोडेपर्यंत ही डब्याडब्यातून डोकावत हिंडते. खाकी कपडा दिसला की विचारते. पत्र आलं का त्याचं?"

मी सगळं सांगून टाकलं. हे माणूस कधी आवाज चढवायचं नाही. त्या दिवशी जेवणाचं ताट पुढं सारलं आणि म्हणाले, "आत्ता जा. आत्ताच्या आत्ता जाऊन तिला सांग."

गेले. खरंच गेले. मावशी फलाटाच्या टोकाला बसली होती. अंगावर धुवट लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेल्या गुळाच्या दशम्या. रोज ताज्या करून आणायची आणि संध्याकाळी हमालांना वाटून घरी जायची. मला बघून तिला कोण आनंद! "बाई, तुमीबी आला त्येला आनाया?" माझा हात धरून तिनं मला शेजारी बसवून घेतलं आणि फडकं सोडून एक दशमी माझ्या हातावर ठेवली. "खावा. लय दूध घातलंय. त्यो यील तवा त्येला दुसरी करीन."

मी ती खाल्ली. तिथं बसून सगळी खाल्ली. आणि तोंड पुसून म्हणाले, "मावशी, रजा लांबली म्हणे. रोज येऊ नका."

"लांबू द्या की," ती म्हणाली. "मिळाली न्हवं? मग यील त्यो."

ह्यांना घरी येऊन सांगितलं की सगळं सांगून आले. मावशी फलाटावर जायचं सोडून पुन्हा दूध घालू लागली, म्हणून ह्यांनाही ते खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तोफ टोपलीत घालून खंडाळ्याला चालत गेले. निदान तिचा शिपाई तरी परत आणून उभा करू, मग पुढचं बोलायला तोंड होईल, असं मनात होतं. बंगल्याला कुलूप होतं. माळी म्हणाला, बाई सामानसुमान आवरून मुंबईला गेल्या, आता या बंगल्यात यायच्या नाहीत. तशीच टोपली घेऊन परत आले. कपाटात बँडवाल्यांच्या मागची जागा मोकळी होती. तिथं दुसरा कुणी ठेवायला हात धजेना.

ज्येष्ठात सरकारी लखोटा आला. इंग्रजीत होता. ह्यांनी वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्यापुढं धरून तारखेवर बोट ठेवलं. मावशीचा मुलगा बसऱ्याच्या इस्पितळात तापानं वारला होता. जानेवारीत. म्हणजे पौषात. मी चैत्रात त्याला रजा दिली, तेव्हा त्याला जाऊन दोन महिने उलटले होते.

"आता हेही तिला सांग, तारखेसकट," एवढंच बोलून हे कामावर गेले.

मावशी आली. मी तिला बसवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. "मावशी, तुमचा मुलगा गेला हो. तापानं गेला." ती रडली नाही लगेच. डोक्यावरचा पदर सावरला. मग विचारलं, "आगबोटीत?"

मी तिचा एक हात सोडून लखोटा मांडीखाली सरकवला.

"आगबोटीतच गेला," ती म्हणाली. "रजा घिऊन निगाला आन् वाटंत ताप भरला. व्हय न्हवं?" आणि तिनं तोंडात मारून घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी हात धरले तर ते झटकून पुन्हा. "म्याच बोलावलं त्येला! एकवीरेला बोलले हुते, माज्या लेकाला माघारी धाड, तोरन बांदीन. रोज बोलत हुते. आईनं ऐकलं माजं. तितं बरा हुता त्यो. म्याच वडून काडलं त्येला तितनं!"

बोलायची वेळ हीच होती. मावशी, तो निघालाच नव्हता. रजा नव्हती, पत्र नव्हतं, तुमच्या नवसाचा त्यात काही संबंध नाही, मी मेलीनं एका तोफेपायी तुम्हाला खोटं सांगितलं. चार वाक्यं. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, तिच्याबरोबर रडले. लखोटा माझ्या मांडीखाली होता. बोलले नाही.

ह्यांना त्याही दिवशी सांगितलं की सगळं सांगून टाकलं. त्यांनी विश्वास ठेवला. ते गेले तोपर्यंत त्यांचा तोच समज होता.

पुढच्या चैत्रात मी आरास मांडली. हो, मांडली, तोफेसकट. नाही मांडली तर बायका कारण विचारतील, असं स्वतःला सांगितलं. मावशी त्यानंतर आठेक वर्षं दूध घालत होती. कपाटाकडे मात्र तिनं परत कधी पाहिलं नाही. एकवीरेच्या डोंगराकडेही नाही. चैत्रात सारा मावळ कार्ल्याला लोटे, तेव्हा ही डोंगराकडे पाठ करून म्हशीचं शेण काढत बसे, असं तिची शेजारीण सांगायची. "देवीवर रुसलीय," म्हणायची. ती देवीवर रुसली नव्हती. स्वतःवरच रुसली होती, आणि ते मला एकटीला माहीत होतं.

तिच्या शेवटच्या वर्षी ती खूप थकली होती. एका सकाळी दूध मापून झाल्यावर ती निघेना. उंबऱ्यापाशी बसून राहिली. माझी मुलगी तेव्हा अंगणात खेळत होती, तिच्याकडे बघत बघत मावशीनं विचारलं, "बाई, तुमी शिकल्याल्या. खरं सांगा. म्या बोलावलं नसतं, तर त्यो जगला असता न्हवं?"

ती खालून वर माझ्याकडे बघत होती. पत्र वाचताना बघायची तशीच, मी सांगेन ते खरं मानायच्या तयारीनं. घरात दुसरं कुणी नव्हतं. हे शेडवर गेलेले. कपाट तर मी केव्हाच माळ्यावर टाकलेलं होतं.

मी म्हटलं, "असं मनात आणू नये मावशी." आणि मग म्हटलं, "थांबा हं, दूध वर आलं वाटतं," आणि आत गेले.

चूल अजून पेटवलेलीही नव्हती. मी त्या चुलीसमोर उभी राहिले, बाहेर चरवी उचलल्याचा आवाज येईपर्यंत.